मागची पानं

मंगळवारी सकाळी बाई गेल्या. दुपारी प्रूफं आली. छापखान्यातला माणूस पायरीशी चपला पाहून थांबला. त्याने पाकीट माझ्या हातात दिलं आणि तो गेला.

पाकिटावर बाईंचं नाव होतं. ते कुठे ठेवावं मला सुचेना, म्हणून फ्रिजवर ठेवलं आणि आतल्या खोलीत बायकांमध्ये जाऊन बसले. बोलणं चालू होतं. एकीच्या म्हणण्याप्रमाणे बाईंनी पहाटे शेजारणीला हाक मारली होती. दुसरी म्हणाली, हाक वगैरे काही नाही, दूधवाल्याने दार वाजवलं तेव्हा कळलं. दोघीही ठामपणे सांगत होत्या आणि दोघीही त्या वेळी तिथे नव्हत्या. एरवी बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, "स्वतः पाहिलंत, की ऐकलंत? ऐकलंत तर कुणाकडून?"

या प्रश्नातून कर्जतमध्ये फारसं कोणी सुटलेलं नाही. भाजीवाली म्हणाली की काकडी कडावची आहे, तर बाई विचारायच्या, कडावच्या कुणाच्या मळ्यातली. ती एकदा वैतागून म्हणाली, "काकडीचा जन्मदाखला आनू का, बाई?" बाई हसल्या नाहीत. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. कडावची म्हणू नकोस," असं म्हणून त्यांनी काकडी घेतली.

वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी कोणीतरी फुलांच्या चित्रावर सुविचार टाकायचं, खाली एखाद्या थोर माणसाचं नाव. बाई त्याखाली एकच शब्द लिहायच्या: "कुठे?" म्हणजे त्या थोर माणसाने हे कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर म्हटलं आहे. उत्तर कधी यायचं नाही. हळूहळू सुविचार बंद पडले. मग काही जणांनी बाईंना वगळून दुसरा गट काढला आणि तिथे ते पुन्हा सुरू झाले. मी दोन्ही गटांत होते. बाईंना ते माहीत होतं. "तिकडे काय चाललंय?" असं त्या अधूनमधून विचारायच्या.

तुमच्याही आसपास असं एखादं माणूस असेल. लांबून अशी माणसं गमतीची वाटतात. त्यांच्याबरोबर काम करावं लागलं की गंमत राहत नाही.

बाई मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी खालापूर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, राहते कर्जतला. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जाऊन बसायची मला सवय होती, तिथेच बाईंनी मला धरलं. वाचनालयाच्या समितीने त्यांच्यावर एक पुस्तक सोपवलं होतं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली तळी, विहिरी आणि बांध. कोणी घातले, कशासाठी घातले. "तुझं टायपिंग चांगलं आहे असं ऐकलं," बाई म्हणाल्या, आणि लगेच जोडलं, "ग्रंथपालांकडून ऐकलं."

एखादं वर्ष जाईल असं मला वाटलं होतं. त्याहून बरीच गेली, आणि त्यातली बहुतेक पुस्तक लिहिण्यात गेली नाहीत. ती मागच्या पानांत गेली.

मागची पानं म्हणजे संदर्भसूची. छापील पुस्तकाचा संदर्भ कसा द्यायचा ते मला येत होतं. लेखकाचं आडनाव, नाव, पुस्तक, प्रकाशक, गाव, वर्ष, पान. मुलांना मी तेच शिकवते. पण आमच्या तळ्यांबद्दल छापलेलं फारसं नव्हतंच. जे होतं ते माणसांच्या तोंडी होतं. आणि बाईंचं म्हणणं असं की पुस्तकाला जो मान, तोच सांगणाऱ्या माणसाला. त्यामुळे प्रत्येकाची नोंद व्हायची: नाव, गाव, त्याने ते कुणाकडून ऐकलं, कुठे बसून सांगितलं, आणि छापण्याआधी त्याचं वाक्य त्याला वाचून दाखवलं का.

ही शेवटची अट माझ्या जिवावर यायची. एका वाक्यासाठी आम्ही टमटम बदलत पुन्हा त्याच गावी जायचो. माणूस घरी नसायचा. मग बाई शेताच्या बांधावर जाऊन उभ्या राहायच्या आणि चिखलात वाकलेल्या माणसाला त्याचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवायच्या.

"बरोबर आहे?"

"हाय बरोबर. आता लावू का भात?"

परतीच्या वाटेवर मी एकदा म्हणाले, बाई, ही मागची पानं कोण वाचणार आहे?

"ज्याला पुढचं पटणार नाही, तो," त्या म्हणाल्या. "ज्याला पटलं त्याच्यासाठी सूची नसतेच."

सगळ्यांना आपलं नाव पुस्तकात यावं असंही नव्हतं. कळंबकडे नाव विचारलं की माणूस आधी आमच्या हातातल्या कागदांकडे बघायचा. जमिनी घ्यायला येणारे लोकही नावापासूनच सुरुवात करतात. "जमिनीचं काय हाय का?" हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा आला की बाई पुढे पुढे पोचल्या पोचल्या आधीच सांगायच्या, जमिनीचं काही नाही, पाण्याचं आहे. त्याने लोक आणखी घाबरायचे.

आणि एक नियम होता. एका साक्षीवर काही छापायचं नाही. दोन हव्यात, आणि त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नको. या नियमाने किती विहिरी पुस्तकाबाहेर राहिल्या ते मलाच माहीत. मी टाइप केलेली पानं खोडली जायची. मला राग यायचा. मी तो चहा करताना भांड्यांवर काढायचे, आणि बाई बाहेरून विचारायच्या, "काय पडलं गं?"

कडावच्या पुढे एका गावात तळं आहे. तळ्याला दगडी बांध आहे. फार मोठा नाही. वरून पायवाट जाते, उन्हाळ्यात गुरं खाली पाण्याला उतरतात. हा बांध कोणी घातला, इथे आमचं पुस्तक अडलं.

समितीचे अध्यक्ष त्याच गावच्या घराण्यातले. अध्यक्ष माणूस वाईट नाही, हे मी सांगितलं पाहिजे. वाचनालय गळायला लागलं तेव्हा छप्पर त्यांनीच घालून दिलं, आणि त्याची पाटीही लावू दिली नाही. पण त्यांच्या घरात एक गोष्ट पक्की होती की तळ्याचा बांध त्यांच्या पणजोबांनी दुष्काळात स्वखर्चाने घातला. बाईंनी आधार विचारला. अध्यक्षांनी वाचनालयाची जुनी स्मरणिका काढून दिली. तिच्यात तसं वाक्य होतं आणि त्याखाली एका साप्ताहिकातल्या लेखाचा हवाला. बाई खूश झाल्या. हवाला देणारी स्मरणिका त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

साप्ताहिक केव्हाच बंद पडलं होतं, पण लेख लिहिणारे गुरुजी खोपोलीला मुलाकडे होते. आम्ही गेलो. गुरुजींनी चहा पाजला आणि बराच वेळ आठवून सांगितलं की त्यांनी ते अध्यक्षांच्या वडिलांच्या भाषणात ऐकलं होतं, कुठल्याशा सत्कारात. आम्ही परत अध्यक्षांकडे. तुमच्या वडिलांनी ते कुठून घेतलं असेल?

"घरात सगळ्यांना माहीतच होतं, बाई."

"म्हणजे तुमच्या ओटीवरून निघालो ते फिरून तुमच्याच ओटीवर आलो," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष मनापासून हसले. त्यांना ते कौतुक वाटलं.

त्याच गावात पार्वतीआजी राहतात. त्यांच्याकडे आम्ही खरं तर विहिरीबद्दल विचारायला गेलो होतो. त्या परसात वाल सोलत बसल्या होत्या. तळ्याचं नाव निघालं तसं त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या की बांध बायांनी घातला. पुरुष कामाला बाहेरगावी गेलेले, पाणी लांबून आणावं लागायचं, म्हणून बाया ओढ्यातून डोक्यावर दगड आणून टाकायच्या. त्यांच्या सासूने आणले होते.

"आमच्या सासूच्या टाळूवर केसच नव्हतं," आजी म्हणाल्या. "दगडांनी गेलं, आसं सांगायची ती. मी तेल लावायची ना तिला."

बाईंनी हे लिहून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एक साक्ष."

दुसरी मिळाली ती कागदातून. एका कॉलेजातल्या मुलांनी प्रकल्पासाठी म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्यांचा अहवाल बाईंनी मागवून घेतला. त्यात चार ओळी होत्या. चांगुणाबाई, राहणार कोंडाणे, यांनी सांगितलं की कडावकडच्या तळ्याचा बांध बायांनी डोक्यावरून दगड वाहून घातला. मुलांनी पुढे काही विचारलं नव्हतं. पण कोंडाणं तिकडे डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याचं गाव इकडे भातशेतीत. दोन गावं, दोन बायका, आणि एकच गोष्ट. बाई म्हणाल्या की लांबच्या गावातली साक्ष उलट जास्त मोलाची. त्या दिवशी त्यांनी मला स्टेशनबाहेर वडापाव खाऊ घातला. स्वतः बाहेरचं खात नसत. मी खाईपर्यंत पिशवी धरून उभ्या राहिल्या.

तळ्याचं प्रकरण लिहून झालं. अध्यक्षांनी वाचलं. त्यांना ते लागलं असणार, पण ते एवढंच म्हणाले, "तुमच्याकडे दोन आधार आहेत म्हणता, मग मी काय बोलू?" मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल आदर वाटला. बाईंबद्दल तर वाटलाच. मागची पानं काय कामाची असतात ते मला तेव्हा कळलं. गावातल्या सगळ्यात मोठ्या घराला एक म्हातारी आणि दुसरी म्हातारी मिळून गप्प बसवू शकतात, नावानिशी.

आता फक्त वाचून दाखवायचं राहिलं होतं.

कोंडाण्याला जाताना बाईंना दम लागला. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. त्या म्हणाल्या, "तू वाचशील, पण विचारशील का?" घर सापडलं. ओटीवर एक म्हातारबाबा बसले होते. चांगुणाबाई आहेत का, असं विचारलं.

"चांगुना? ती हितं कुटं?" ते म्हणाले. "ती माझी भन. माझ्या नातवाच्या लग्नाला आली व्हती, तवा ती कॉलेजची पोरं आलेली लिवून घ्यायला. ती तिच्या घरी आसते."

बाईंनी विचारलं, घर कुठलं? बाबांनी तळ्याच्या गावाचं नाव घेतलं.

"पन तिकडं चांगुना म्हनून इचारू नका," ते म्हणाले. "लग्नात नाव बदाललं. तिकडं ती पार्वती."

बाईंनी पाणी मागितलं. पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं, बाबांचे आभार मानले. टमटममध्ये बसल्यावर मला हसू आलं, आणि ते मला आवरेना.

"हसू नकोस," बाई म्हणाल्या. "आपली एक साक्ष गेली."

थोड्या वेळाने बाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या आईचीही दोन नावं होती. तरी मला विचारायचं सुचलं नाही."

दुसऱ्याच दिवशी पार्वतीआजींकडे. आजींनी आम्हाला लांबूनच ओळखलं. "परत आल्या? आता काय इसरलं?" बाईंनी सगळं सांगितलं. आजींना त्यात चुकलं काय तेच कळेना. त्यांनी दोन्हीकडे एकच सांगितलं होतं, मग बिघडलं कुठे? शेवटी बाईंनी विचारलं, पुस्तकात तुमचं नाव कोणतं लिहू?

"तुला कंचं बरं वाटतं ते लिव."

"मला काय वाटतं ते नाही, आजी. तुमचं कोणतं?"

आजींनी विचार केला. "दोनी माजीच हायत," त्या म्हणाल्या. "पन दोन बाया नको लिवू गं. मी येकलीच हाय."

बाईंनी मान हलवली आणि सासूचं नाव विचारलं. ज्यांच्या डोक्यावरून दगड गेले त्यांचं नाव सूचीत हवंच होतं. आजी म्हणाल्या, सासूचं नाव कोण घेतं? त्या कळंबच्या, म्हणून सगळे कळंबकरीण म्हणायचे. "नाव आसंल की तिला. मला कुनी सांगितलं नाय." नवरा गेलेला, दीर गेलेला. बाईंनी तलाठ्याकडून जुना फेरफार काढवून घेतला. वारसांत मुलगे तेवढे होते.

मी बाईंशी भांडले ते फेरफार पाहिला त्या संध्याकाळी. मी सहसा भांडत नाही. मी म्हटलं, जे घरात सगळ्यांना माहीत आहे ते छापायला अध्यक्षांना एकही साक्ष लागत नाही, आणि जे खरं आहे असं तुम्हाला मला ठाऊक आहे ते दुसऱ्या साक्षीसाठी अडून बसतं. हा कसला नियम?

"माझा," बाई म्हणाल्या. "त्यांना एक आणि आपल्याला एक असे दोन नियम केले, तर उद्या मी त्यांना कोणत्या तोंडाने विचारू?"

त्यांचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. आजही नाही. पण पटलं असंही मी म्हणणार नाही.

समितीच्या बैठकीत बाईंनी स्वतः उभं राहून सांगितलं की दोन साक्षी म्हणजे एकच बाई निघाली. कोणीही विचारलं नव्हतं. कोणाला कधी कळलंही नसतं. अध्यक्ष म्हणाले, "मग आमचंच बरोबर निघालं की."

"नाही," बाई म्हणाल्या. "माझी एक साक्ष आहे. तुमची एकही नाही."

कोणीतरी बिस्किटांची ताटली पुढे केली. अध्यक्षांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. त्यापुढे थांबता येणार नाही म्हणाले, प्रकाशनाला पाहुणे ठरले आहेत.

मग कळंब. कुठल्या घरातली मुलगी, फार पूर्वी, तळ्याच्या गावात दिली होती, आणि तिने माहेरी येऊन कधी दगडांबद्दल काही सांगितलं होतं का, हे आम्ही दारोदार विचारत फिरलो. नाव माहीत नसलेल्या बाईचं माहेर शोधणं म्हणजे काय ते करून पाहा. जुनी घरं होती तिथे आता रिसॉर्टची फाटकं. एका फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "मैं तो अभी आया हूँ, मॅडम." एका घरी म्हातारे गृहस्थ म्हणाले, हो, आमची एक आत्या तिकडे दिली होती. बाई पायरीवर बसल्याच. आत्याचं नाव? "आत्याच म्हनायचो आमी." ती दगडांबद्दल काही बोलायची का? "ती बोलायचीच नाय. माझा बा म्हनायचा, ती मुकीच हाय जनू."

बाईंचा दम वाढत चालला होता. बोलता बोलता त्या थांबायच्या, आणि समोरच्याला वाटायचं की प्रश्न संपला. डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितला होता. कळंबला चढ नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एका रविवारी यायला नकार दिला, तर त्या एकट्या गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांचे ओठ निळे होते. काही मिळालं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "नाही."

दिवाळीआधी त्यांनी प्रकरण पुन्हा लिहिलं. नियम मोडला नाही, पण वाकवला. दोन्ही गोष्टी छापायच्या आणि प्रत्येकीखाली तिचा आधार जसा आहे तसा सांगायचा. पणजोबांच्या गोष्टीखाली: स्मरणिका, तिच्यामागे लेख, त्याच्यामागे भाषण, त्यापुढे आधार नाही. बायांच्या गोष्टीखाली: पार्वतीबाई, माहेरचं नाव चांगुणाबाई, सासूकडून ऐकलं, सासू कळंबच्या, नाव मिळालं नाही, दुसरी साक्ष मिळाली नाही. "आहे तेवढं लिहायचं," बाई म्हणाल्या. "लपवायचं नाही, वाढवायचं नाही. पुढे कुणाला तरी मिळेल." मी टाइप केलं. माझ्या मते त्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान तेच होतं.

मंगळवारी आलेल्या पाकिटात ते पान होतं. बाईंचं तेरावं झाल्यावर मी प्रूफं तपासली, दोन ठिकाणी काना राहिला होता तो घातला, आणि समितीकडे दिली.

आठवड्याने अध्यक्ष माझ्या घरी आले. बाईंच्या आठवणीने त्यांचे डोळे भरले, आणि ते खोटं नव्हतं. मग म्हणाले की पुस्तक फार जाड होतंय, मागची पानं काढावी लागतील. आणि तळ्याच्या प्रकरणात थोडी दुरुस्ती केली आहे. एकाच पानावर दोन उलटसुलट गोष्टी वाचून लोक गोंधळतात.

मी म्हटलं, बाईंनी ते मुद्दाम तसं लिहिलं होतं.

"मॅडम, मला बाईंबद्दल काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "पण लोक पुस्तक वाचतात. आधार कोण वाचतं?"

मी विचार करून बोलणारी बाई आहे. त्या दिवशी मला जे सुचलं ते वेळेवर सुचलं, त्याचंच आश्चर्य वाटतं. मी म्हटलं, मग त्या प्रकरणावरून तरी बाईंचं नाव काढा.

अध्यक्ष खरोखर दुखावले. "बाईंचं नाव काढायचं? आयुष्यभर खपल्या त्या या पुस्तकासाठी. लोक काय म्हणतील आम्हाला?" त्यांनी नाव उलट मोठ्या टाइपात घातलं.

प्रकाशन झालं. मंचावर बाईंचा फोटो, फोटोला हार. तळ्याच्या पानावर असं आहे: हा बांध अमुक घराण्यातील दानशूर पूर्वजांनी दुष्काळात स्वखर्चाने बांधला, या कार्यात स्थानिक महिलांचाही मोलाचा हातभार लागला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, जागेअभावी संदर्भसूची देता आली नाही.

हे बदललेलं वाक्य छापण्याआधी वाचून दाखवणं तर हुकलंच होतं. निदान छापल्यावर तरी दाखवावं म्हणून मी पार्वतीआजींकडे गेले. त्यांनी आधी बाईंची चौकशी केली. बाई गेल्याचं मी सांगितलं. मग म्हणाल्या, वाच. मी ते वाक्य वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"हातभार?" त्या म्हणाल्या. "मंग बाकीचं दगड कुनी वाहिलं?"

मी पुस्तक पिशवीत घातलं.

मागची पानं माझ्या कॉम्प्युटरवर होतीच. मी ती स्वखर्चाने छापून घेतली आणि वाचनालयातल्या प्रतीच्या शेवटी चिकटवली. ग्रंथपालांनी प्रत पुन्हा कपाटात ठेवली. अध्यक्षांनी पाहिली तेव्हा पानं बोटाने चाळली आणि म्हणाले, "छान केलंत. बाईंची आठवण राहील." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

यंदा बारावीच्या एका मुलीने पाण्याच्या विषयावर प्रकल्प करून आणला. हुशार मुलगी आहे, अक्षर सुंदर. तिने तळ्याच्या बांधाचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, अवतरणचिन्हांत, आणि खाली संदर्भ दिला होता. बाईंचं आडनाव, नाव, पुस्तक, प्रकाशक, गाव, वर्ष, पान. मी पान काढून पाहिलं. बरोबर होतं. विरामचिन्हंसुद्धा मी शिकवली तशी. संदर्भाचे सगळे गुण मला द्यावे लागले.

तिला बोलावून मी सांगितलं की वाचनालयातल्या प्रतीला मागे आणखी पानं आहेत, तेवढी एकदा बघ. तिने विचारलं, त्याने गुण बदलतील का? मी म्हटलं, नाही.

"मग राहू दे ना, मॅडम," ती म्हणाली. उद्धटपणे नाही. तिला गाडी गाठायची होती.

तळ्यावर आता ग्रामपंचायतीने पाटी लावली आहे. पाटीवर पणजोबांचं नाव आहे आणि खाली बाईंच्या पुस्तकाचं. वाचनालयातली प्रत कपाटात आहे. प्रकाशनानंतर ती कोणी घरी नेल्याची नोंद नाही. बांध पणजोबांनी घातला, याचा आधार म्हणून आता बाईंचं नाव देतात.